प्रति: पगार वाढला की माणूस खूश?

"पगार वाढवा, माणसं आपोआप खूश होतील, बाकी सगळी पुस्तकी बडबड," असं वर एकांनी लिहिलंय. अर्धंच पटलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गचं १९५९ सालचं संशोधन बघा. पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर-अकाउंटंटना त्यानं कामातले बरे-वाईट प्रसंग सांगायला लावले. नाराजीत साहेब आणि कंपनीचे नियम जास्त आले. समाधानात काम फत्ते झाल्याचा आनंद, कौतुक, जबाबदारी.

आमच्या सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत पाचशे-हजारासाठी पोरं शेजारच्या शेडमध्ये जातात, हे खरंच. पण आमचा सीएनसीवरचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा) एक जुना गडी हलत नाही. बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) लावायचा, काटा जरा सरकलेला दिसला की ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) स्वतःच बदलायचा, सुपरवायझरला विचारत बसायचं नाही. ही मुभा दुसरीकडे कोण देतंय?

हर्झबर्गवरचा आक्षेपही रास्त आहे म्हणा. जमलं की श्रेय आपलं, बिघडलं की खापर साहेबावर. नुसत्या मुलाखती घेतल्या की हे त्यात शिरणारच. शिवाय ती सगळी टेबलाशी बसणारी मंडळी. कंत्राटी हेल्परला आधी पीएफ वेळेवर भरतात का ते विचारा, जबाबदारीचं नंतर.