विचार समाज घडवतात, की समाज आपल्याला हवे तेच विचार उचलतो?

परिघावरून (धागाकर्ता)

तत्त्वज्ञान हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे आणि समाज चालतो तो पोट, पैसा व सत्ता यांच्या जोरावर, असे मत अलीकडे वारंवार ऐकू येते. ते मांडणाऱ्यांत चांगली वाचणारी मंडळीही असतात, म्हणून त्याचा सविस्तर प्रतिवाद करावासा वाटला.

माझा दावा तसा मर्यादित आहे. विचार स्वतःहून कुणाच्या बेड्या तोडत नाहीत, हे मान्य. मात्र ज्याच्या पायात बेड्या आहेत त्याला आपली स्थिती हा दैवाचा भाग नाही, तो अन्याय आहे असे म्हणता येणे, आणि बेड्या घालणाऱ्यालाही सहजासहजी नाकारता येणार नाही अशा शब्दांत म्हणता येणे, ही ताकद विचारांतूनच येते.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. १७७६ च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, असे वाक्य आहे. ते लिहिणारे थॉमस जेफरसन आयुष्यभर गुलामांचे मालक होते. एवढ्यावर ते वाक्य ढोंग ठरवून मोकळे होता येते. पण ते वाक्य जेफरसन यांच्या ताब्यात राहिले नाही. १८४८ मध्ये अमेरिकेतल्याच सेनेका फॉल्स येथे जमलेल्या स्त्रियांनी त्याच जाहीरनाम्याचा साचा घेऊन त्यात 'पुरुष' या शब्दाशेजारी 'आणि स्त्रिया' एवढी भर घातली. त्यानंतर चार वर्षांनी, ५ जुलै १८५२ रोजी, रॉचेस्टर येथील सभेत गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस उभे राहिले आणि तुमचा हा चार जुलैचा, स्वातंत्र्यदिनाचा सण गुलामाच्या लेखी काय आहे, असे त्यांनी श्रोत्यांना विचारले. डग्लस यांना त्यासाठी नवे तत्त्वज्ञान रचावे लागले नाही. श्रोत्यांच्या पूर्वजांनी जे लिहून ठेवले होते त्याचा हिशेब त्यांनी मागितला, आणि तो मागता आला याचे कारण ते वाक्य आधीपासून भिंतीवर टांगलेले होते.

हे लोण महाराष्ट्रातही पोचले. जोतीराव फुले यांच्या विचारांवर अठराव्या शतकातील विचारवंत थॉमस पेन यांच्या माणसाच्या हक्कांविषयीच्या लेखनाचा ठसा होता, आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना उद्देशून आहे. तिथल्या गुलामांच्या स्थितीत त्यांना इथल्या शूद्रातिशूद्रांची स्थिती दिसली, ती हक्कांच्या विचाराचा चष्मा डोळ्यांवर असल्यामुळेच. या दाव्यात कुठे गफलत दिसत असेल तर अवश्य दाखवावी.

उलटतपासणी

असहमत. धागाकर्त्यांनी यशस्वी ठरलेली वाक्ये निवडली आहेत. निष्फळ ठरलेल्या वाक्यांची यादी कुणी ठेवत नाही, म्हणून विचार नेहमी जिंकतात असा भास होतो.

आधी जेफरसन यांच्या वैचारिक पूर्वजाकडे पाहू. नैसर्गिक हक्कांचे जनक मानले जाणारे जॉन लॉक यांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते. कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या मूलभूत घटनेच्या मसुद्यात त्यांचा हात होता, तिच्यात प्रत्येक स्वतंत्र नागरिकाला आपल्या निग्रो गुलामावर संपूर्ण सत्ता राहील असे स्वच्छ लिहिले आहे. ज्याने विचार मांडला त्यालाच तो विचार जिथे घेऊन गेला नाही, तिथे इतरांना त्याने नेले असे कसे म्हणायचे? अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ मध्ये संपली ती सहा लाखांहून अधिक माणसे मारणाऱ्या युद्धानंतर. तोवर ते सुंदर वाक्य जवळपास नव्वद वर्षे भिंतीवर होतेच.

दुसरे, एकाच विचारवंताचे काय काय होते ते पाहण्यासारखे आहे. हर्बर्ट स्पेन्सर यांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ते जगभर वाचले जात. सरकारने व्यक्तीच्या व्यवहारात ढवळाढवळ करू नये हा त्यांचा आग्रह अमेरिकेतील कारखानदारांच्या पथ्यावर पडला. १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांचे तास दिवसाला दहा आणि आठवड्याला साठ यांवर मर्यादित करणारा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हा न्यायमूर्ती होम्स यांना आपल्या भिन्नमतपत्रात लिहावे लागले की राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती म्हणजे काही स्पेन्सर यांचा ग्रंथ नव्हे. त्याच वर्षी लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मा यांनी ब्रिटिश सत्तेविरुद्ध 'इंडियन सोशिऑलॉजिस्ट' हे पत्र सुरू केले, आणि त्याच्या शीर्षस्थानी आक्रमणाचा प्रतिकार करणे आवश्यकच आहे असे सांगणारे वचन होते तेही स्पेन्सर यांचेच. तिकडे मालकांना स्पेन्सर हवे होते, इकडे क्रांतिकारकांना. ग्राहक आधी ठरलेला असतो आणि विचार नंतर बाजारात येतो, याहून वेगळा निष्कर्ष मला काढता येत नाही.

आणि हे ग्रंथ वाचत तरी कोण होते? फ्रेंच राज्यक्रांतीचे श्रेय रूसो यांच्या १७६२ च्या 'सामाजिक करारा'ला सर्रास दिले जाते. डॅनिएल मॉर्ने या अभ्यासकाने अठराव्या शतकातील पाचशे खासगी ग्रंथसंग्रहांच्या याद्या चाळून १९१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या साऱ्या याद्यांत मिळून या पुस्तकाची एक प्रत सापडली.

पायरी

दोघांचेही प्रतिसाद वाचले. माझ्या मते खरा प्रश्न विचार प्रभावी असतात की नसतात हा नाहीच. समाज तो विचार कुठल्या खात्यात जमा करतो, हा आहे.

पंढरपूरचे उदाहरण घेऊ. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इसवी सन १२९० ची. भक्तीच्या ठायी कुळ आणि जाती अप्रमाण आहेत, हे तिच्यात नि:संदिग्ध शब्दांत आले आहे. हा विचार कुणा पंडिताच्या दप्तरात पडून राहिला नाही, तर लक्षावधी लोकांच्या तोंडी बसला, वारीबरोबर वर्षानुवर्षे चालला आणि निरक्षरांनाही पाठ झाला, तेव्हा उलटतपासणी यांचा 'वाचत कोण होते' हा आक्षेप इथे लागूच पडत नाही. असे असूनही चोखोबांना देवळाबाहेरच राहावे लागले, त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर आहे, आणि अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना विठ्ठलाच्या मंदिरात पाऊल ठेवता यावे यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून दहा दिवस उपोषण करावे लागले. सहा शतकांहून अधिक काळ अभंग चालू होते आणि दारही बंद होते. दोन्ही एकाच ठिकाणी, एकमेकांना अडथळा न करता.

असे का झाले असावे? माझे उत्तर असे की, समतेचा तो विचार परमार्थाच्या खात्यात जमा झाला होता. देवापाशी सगळे सारखे, गावात आपापल्या जागी, अशी फाळणी श्रोत्यांनी सोयीने करून घेतली आणि कीर्तन ऐकताना डोळ्यांत आलेले पाणी घरी पोचेपर्यंत सुकले. महाडच्या तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले त्याचे वेगळेपण इथे कळते. तिथे समता भावनेच्या भाषेत मागितली गेली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा विधिमंडळाचा ठराव आधी झाला होता, आणि तो हक्क प्रत्यक्ष पाणी पिऊन बजावला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडच्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी त्या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेशी केली होती.

तेव्हा विचाराची थोरवी किंवा लोकप्रियता यांवर फार भिस्त ठेवू नये. नागरी हक्काच्या खात्यात गेल्याशिवाय तो दार उघडत नाही.

परिघावरून

पायरी यांचे पंढरपूरचे उदाहरण माझ्या मूळ मांडणीला अडचणीचे आहे आणि मी ते टाळणार नाही. तरी एक विचारतो. साने गुरुजींनी १९४७ मध्ये सनातन्यांशी वाद घातला तो कशाच्या आधारावर? केवळ कायद्याची भाषा बोलून त्यांना गावोगावी इतका पाठिंबा मिळाला असता का? संतांच्या शिकवणुकीशीच हे दार विसंगत आहे, हे वारकऱ्याला वारकऱ्याच्या भाषेत सांगता आले. सहाशे वर्षे निजलेला विचार मेलेला नव्हता, असे मी म्हणेन.

स्पेन्सर यांच्याबाबत उलटतपासणी यांचे म्हणणे बरोबर आहे, पण त्यांनी मिल यांना का वगळले ते कळत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी मे १८६७ मध्ये ब्रिटिश संसदेत मताधिकाराच्या विधेयकातील 'पुरुष' हा शब्द काढून 'व्यक्ती' हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. त्या सभागृहातल्या कुठल्याही गटाचा त्यात फायदा नव्हता, म्हणजे या विचाराचा 'ग्राहक' सभागृहात बसलेलाच नव्हता. तरी ७३ मते पडली. ब्रिटनमध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळायला १९२८ साल उजाडले. हितसंबंधांनीच सगळे ठरत असते तर त्या ७३ जणांना काय म्हणायचे?

उलटतपासणी

त्या ७३ जणांना मी सज्जन म्हणेन. सत्ताधारी म्हणणार नाही. मिल यांचा विषय निघालाच आहे तर हेही नोंदवतो की ते पस्तीस वर्षे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते, आणि १८५९ च्या ज्या पुस्तकात व्यक्तिस्वातंत्र्याची इतकी तडफदार बाजू त्यांनी मांडली, त्याच पुस्तकात रानटी लोकांवर त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाही चालवणे रास्त आहे असेही लिहून ठेवले. आगरकर आणि त्यांच्या पिढीने मिल वाचताना स्वातंत्र्य तेवढे उचलले आणि हुकूमशाहीचा भाग बाजूला ठेवला. चांगलेच केले. पण निवड त्यांची होती, ग्रंथाची नव्हती, आणि माझे म्हणणे तेवढेच आहे.

आणखी जवळचे उदाहरण गीतेचे आहे. जानेवारी १९२० मध्ये 'यंग इंडिया'त टिळक आणि गांधी यांच्यात जाहीर मतभेद झाला. टिळकांचे म्हणणे असे की राजकारण हा साधूंचा खेळ नव्हे, आणि या जगात बुद्धाच्या 'अक्रोधाने क्रोध जिंकावा' या वचनापेक्षा श्रीकृष्णाचे 'ये यथा मां प्रपद्यन्ते' (जो जसा वागेल त्याच्याशी तसे) हे वचन अधिक लागू पडते. गांधींना या दोन वचनांत विरोधच दिसेना, आणि 'शठं प्रति शाठ्यम्' (लबाडाशी लबाडी) या नीतीला त्यांनी 'शठं प्रत्यपि सत्यम्' (लबाडाशीही सत्य) असे उत्तर दिले. दोघेही गीतेचे निष्ठावंत वाचक. एकाने मंडालेच्या तुरुंगात तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, दुसऱ्याने तिला आई मानले. एकच ग्रंथ दोन परस्परविरोधी राजकारणांना पुरून उरतो, तेव्हा राजकारण ग्रंथातून आले असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

शाईचा डाग

चर्चेत साहित्य अजून आलेच नाही, म्हणून थोडे लिहितो.

मॉर्ने यांच्या याद्यांत 'सामाजिक करारा'ची एकच प्रत सापडली, पण त्याच काळात रूसो यांचीच १७६१ मधली 'जूली' ही पत्ररूप कादंबरी लोक अक्षरशः रडत रडत वाचत होते आणि शतक संपेपर्यंत तिच्या डझनावारी आवृत्त्या निघाल्या. इतिहासकार लिन हंट यांनी पुढे असे प्रतिपादन केले आहे की, आपल्याहून वेगळ्या दर्जाच्या माणसाच्या मनात शिरून त्याचे दुःख आपले मानण्याची सवय अशा कादंबऱ्यांनी लावली, आणि मानवी हक्क 'स्वयंसिद्ध' वाटू लागले ते त्या सवयीमुळे. मला हा युक्तिवाद बराच पटतो. विचार ग्रंथातून थेट रस्त्यावर येत नाही. मध्ये कुणीतरी तो गोष्टीत मुरवावा लागतो.

उलट, तयार तत्त्वज्ञान आणून साहित्यात ओतले की काय होते तेही आपण पाहिले आहे. साठच्या दशकानंतर मराठीत अस्तित्ववादाची जी साथ आली तिच्यात अस्सल लेखन मोजके झाले. बाकी कथानायक नोकरी, घर, पेन्शन सगळे शाबूत असताना नुसतेच परात्म, म्हणजे जगापासून तुटलेले, होऊन बसले. त्याच सुमाराला ज्यांनी खरोखर आयुष्य पणाला लावून लिहिले त्या दलित लेखकांना परात्मतेचा सिद्धांत उसना आणण्याची गरज पडली नाही. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले, आणि ज्याच्याविषयी आजवर इतरच लिहीत आले होते तो स्वतः 'मी' म्हणून बोलू लागला. त्या 'मी'च्या मागे आंबेडकरी विचार उभा आहे, हे कुणालाही दिसेल. पण पुस्तकभर त्याचे व्याख्यान नाही.

पायरी

शाईचा डाग यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुरवणी. महाडला फ्रान्सचा दाखला देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनीच ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले की, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली त्रयी फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाही, तिची मुळे राज्यशास्त्रात नसून धर्मात आहेत आणि ती आपण बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली आहे. मला यात विसंगती दिसत नाही. केवळ कायद्याच्या जोरावर उभी असलेली समता किती तकलादू असते हे राज्यघटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांइतके दुसऱ्या कुणाला कळणार? म्हणून मी मघाशी जी खात्यांची भाषा वापरली ती थोडी वाढवतो: विचार नागरी हक्काच्या खात्यात जावा लागतो, आणि तिथे तो टिकण्यासाठी मनाच्या खात्यातही शिल्लक असावी लागते. नुसत्या पहिल्यावर निभावत नाही.

परिघावरून

उलटतपासणी यांच्या 'वाचत कोण होते' या प्रश्नाला एक पूर्वसूरी आहे, तो सांगतो. मार्क्स यांच्या 'भांडवल'चे पहिले परभाषेतील भाषांतर रशियन होते आणि ते १८७२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला छापले गेले. झारच्या सेन्सॉरने ते अडवले नाही. पुस्तक काटेकोर शास्त्रीय आहे, फार थोडे लोक ते वाचतील आणि त्याहून थोड्यांना ते कळेल, असा शेरा मारून त्याने परवानगी दिली. पंचेचाळीस वर्षांनी झार राहिला नाही.

उलटतपासणी

सेन्सॉरचा किस्सा झकास आहे, पण तो तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. क्रांती आधी प्रगत औद्योगिक देशांत होईल अशी मार्क्स यांची मुख्य अपेक्षा होती आणि ती झाली शेतकऱ्यांच्या रशियात. लेनिन यांच्या बोल्शेविक पक्षाने सैनिक आणि शेतकरी जिंकले ते शांतता, भाकरी आणि जमीन यांच्या आश्वासनावर. सत्ता हाती येताच त्या पक्षाने जमिनीचा जो हुकूमनामा काढला, त्याचा गाभा शेतकऱ्यांनी आपापल्या गावांतून पाठवलेल्या मागण्यांचा होता. त्या मागण्या एकत्र करून छापल्या होत्या बोल्शेविकांच्या प्रतिस्पर्धी पक्षाने, आणि हा तर दुसऱ्यांचा कार्यक्रम आहे अशी ओरड सभागृहात झाली तेव्हा लेनिन यांनी तो कुणी लिहिला याने काय फरक पडतो, अशा अर्थाचे उत्तर दिले. 'भांडवल'मध्ये त्या मागण्या शोधून पाहा. मला सापडल्या नाहीत.