विषय: सांगलीच्या घराची नवी दारं दोन सूत मोठी

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलमध्ये हे घुसवत नाही, म्हणून वेगळी लिहितोय.

गावभागातल्या घराचं पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं बदलायला काढलीत. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या ओट्यावरून आत शिरलेलं पाणी बरेच दिवस बसून होतं. मागचं फ्लश दार, म्हणजे सपाट प्लायवूडचं, तेव्हाच पापडासारखं फुगलं. पुढचं सागवानी तगलं, पण खालची आडवी पट्टी कुजत गेली आणि आता झाडताना आईच्या केरसुणीला भुगा लागतो.

ऑर्डर मी इकडे इंग्लंडात, लेस्टरमधून दिली, व्हॉट्सॲपवर. मापं जुन्या दारांचीच. पुढचं ३५ इंच बाय ७९. नवं दार बरोबर तेवढंच आलं आणि बसत नाही! रुंदीला वर जातं, खाली दोन सूत (म्हणजे पाव इंच) अडतं. उंचीला पाऊण इंच जास्त. आई म्हणते, "रंधा मारायला सांग आणि मोकळा हो, दार भिंतीला टेकवून पंधरा दिवस झाले." सुतार हातच लावत नाही. "घाई नको" एवढंच म्हणतो. पैसे वाढवायचा डाव आहे, की खरंच काही कारण असतं?

– गावभागकर, लेस्टर

---

उत्तर:

अरे, सुताराला धरून ठेव. रंधा हातात असताना "थांबा" म्हणणारा माणूस सांगलीत काय, ब्रॅडफर्डमध्येही मिळत नाही.

तू दार मोजलंस, चौकट मोजली नाहीस. जुनं दार गेली कित्येक वर्षं कुणीतरी घासून घासून बसवलेलं असणार, आणि टेप लावली ती वरच्या अंगाला. आईंना सांग, चौकटीच्या खाचेतून खाचेपर्यंत रुंदी वर, मध्ये आणि खाली घ्यायची. उंची दोन्ही उभ्यांपाशी, म्हणजे चौकटीच्या उभ्या लाकडांपाशी. मग कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी टेप, दोन्हीकडून. दोन आकडे वेगळे आले तर चौकट गुण्यात नाही, म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत, आणि मग दार कितीही सरळ असलं तरी अडणारच. शेवटी उभे सरळ आहेत का बघायला ओळंबा. दोऱ्याला कुलूप बांधलं तरी चालतं.

ओल्या हवेनं फुगलंय असं सगळे म्हणतील. थोडं खरं आहे, पण लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. तुझं दार पॅनेलचं आहे ना? मग मधली पॅनेलं खोबणीत मोकळी बसलेली असतात, ती आतल्या आत हलतात. बाहेरच्या मापात फरक पडतो तो दोन उभ्या पट्ट्यांमुळे. साडेचार-साडेचार इंचांचं सागवान पावसाळ्यात मिळून सूतभरही फुगत नाही. आजीच्या घरी असायचं तसं सलग फळ्यांचं दार असतं तर गोष्ट वेगळी. म्हणजे दोन सुतांचा गुन्हेगार चौकट आहे.

इथली सवय तिथे नेऊ नकोस. इथे आपण १९८१ बाय ८३८ मिलिमीटरचं तयार लाकडी दार आणतो, दोन्हीकडून थोडं थोडं तासतो, किती तासायचं ते कंपनी कागदावर छापते. माझ्या स्वयंपाकघराचं दार मी असंच ऐन पावसात तासलं. नंतर हीटिंग सुरू झाल्यावर फटीतून शेजाऱ्याचा दिवा दिसायला लागला. बायको अजून पाहुण्यांना दाखवते.

मागचं नवं दारही फ्लशच असेल, तर त्याला मात्र जपून. त्याच्या कडेला खऱ्या लाकडाची एक बारीक पट्टी असते, आत तुकडे आणि भुसा. पट्टीपलीकडे करवत गेली की बिजागरीचे स्क्रू धरायला काही उरत नाही.

– काका (वालचंद कॉलेज, मग ब्रॅडफर्ड)

---

उत्तर:

भाऊजी, मी सध्या मिरजेत माहेरी आहे. काल बसने सांगलीत जाऊन आईंना भेटले, टेप घेऊनच गेले होते.

चौकट वर सव्वापस्तीस, खाली पावणेपस्तीस. कुलपाकडचा उभा खालून आत आलाय, ओळंबा लावल्यावर मुलांनाही दिसला. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून आहे, बरोबर तिच्या खालीच चौकट वाकलीय. पाऊण इंचाचं कोडं तर सोपं निघालं. मापं पाठवल्यावर आईंनी उंबऱ्यावर ग्रॅनाइट बसवून घेतलं. "तुला सांगायचं राहिलं" म्हणाल्या.

अजून एक. खाचेत नखानं खरवडलं तर निळा, त्याखाली पिस्ता, त्याखाली तपकिरी ऑइलपेंट. दर दिवाळीचा एक थर! सुतारानं पटाशीनं हातभर भाग साफ केला तर तिथे पाऊण सूत जागा मोकळी झाली. माणूस चांगला आहे. मला म्हणाला, "ताई, दार कापल्यावर परत जोडता येत नाही, रंग खरवडल्यावर परत लावता येतो की."

त्याला तासायचंय ते बिजागरीच्या बाजूनं, कारण कुलपाची खाच कारखान्यातूनच पाडून आलीय. तिकडून तासलं तर कुलूप कडेला येईल. चालेल का, ते तुम्ही कळवा. आईंनी थालीपीठ खाऊ घातलं, त्याचा हिशेब वेगळा.

– मिरजकर वहिनी

---

उत्तर:

वहिनी, काका, दार बसलं.

रंग खरवडून खाली सूतभर मिळालं. वाकलेल्या उभ्यामागचं भुसभुशीत प्लास्टर काढून, पाचर मारून तो जरा मागे घेतला, लांब स्क्रूनं भिंतीला आवळला. मग दाराला बिजागरीच्या बाजूनं रंध्याचे चार हात, खाली थोडे जास्त. दोन्ही बाजूंना नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवलीय. कुलपाकडची कड चौकटीच्या खाचेत आधी शिरणाऱ्या अंगाला किंचित तिरकी केली, नाहीतर बंद होताना कोपरा घासतो म्हणे. उंचीचे सहा सूत खालून कापले आणि शिवाय जमिनीपासून फट राहावी म्हणून दोन सूत जास्त घेतले. करवतीआधी सुतारानं आडवी रेघ सुरीनं खोल ओढली, म्हणून कड उडाली नाही. कापलेल्या तळाला दोनदा प्रायमर. व्हिडिओत त्यानं दार उलटं करून तळ मला दाखवला, "हितनंच पाणी पितंय बघा."

मागच्या दाराचं मात्र काकांनी सांगितलं तेच झालं. एका कडेची पट्टी संपली, आतले तुकडे दिसायला लागले. आता तिथे सागवानाची नवी पट्टी गोंद आणि खिळ्यांनी बसवतोय. दोन दिवस शिकंज्यात आवळून राहील, तोवर मागे ताडपत्री.

आईची नवी तक्रार: दार इतकं हलकं फिरतंय की कुणी आलं-गेलं कळत नाही. जुनी पितळी कडी हवीय, जी मी भंगारात घालायला सांगितली होती. तिनं घातली नव्हती.

वर्गणी उद्या पाठवतो.

– गावभागकर