पाकिटावरचं मीठ-साखर ठळक अक्षरात हवं. नाशिक महापालिकेने तसा ठराव केला तर बिघडतं कुठे?

इंदिरानगरची लेक

पाकिटावरच्या माहितीसाठी महापालिकेने ठराव करावा, असं मी परवा सुचवलं होतं. त्यावर काल 'किराणा, रविवार कारंजा' यांनी लिहिलं, "तो दिल्लीचा विषय आहे. महापालिकेने रस्ते, पाणी, कचरा बघावा. ज्याला बीपी आहे त्याने चष्मा लावून वाचावं आणि मग खावं." ते चष्म्याचं वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे बाबा चष्मा लावतात, दादा. दिवाळीनंतर त्यांचं बीपी १८० वर गेलं, दोन रात्री अ‍ॅडमिट होते. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. आईने लोणचं-पापड बंद केलं, भाजीत मीठ निम्म्यावर आणलं. पण संध्याकाळच्या चहाबरोबरच्या फरसाणाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. एके दिवशी मी ते पाकीट ट्यूबलाइटखाली धरलं. मागच्या बाजूला, जिथे कागद चिकटवून दुमडलेला असतो तिथे, चंदेरीवर पांढरी अक्षरं. मोबाइलवर फोटो काढून मोठा केला तेव्हा वाचता आलं: १०० ग्रॅममध्ये सोडियम ९१० मिलिग्रॅम. शेजारी लिहिलंय, एका सर्व्हिंगमध्ये दिवसाच्या मर्यादेच्या ९ टक्के. सर्व्हिंग किती? २० ग्रॅम. बाबा १५० ग्रॅमचं पाकीट दोन संध्याकाळी संपवायचे. म्हणजे पाकिटात १३६५ मिलिग्रॅम सोडियम, त्याला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा निघतो: जवळजवळ ३.४ ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम. दोन दिवसांत वाटलं तरी रोज तिचा तिसरा हिस्सा एकट्या फरसाणातून पोटात जात होता, आणि आई बिचारी आमटी अळणी करत बसली होती.

आता सांगा, हा गुणाकार माणसाने दुकानात उभं राहून करायचा का? चिलीमध्ये २०१६ पासून पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन असतो: मीठ जास्त, साखर जास्त. एवढंच. आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिटावर आरोग्याचे तारे छापायच्या नियमाचा मसुदा आला, एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या लेबलबद्दल शिफारशी द्यायला तीन महिन्यांची मुदत दिली, पुढे ती वाढलीही. शहरांनी आवाज उठवला तर दिल्लीपर्यंत पोचेल, एवढंच माझं म्हणणं आहे.

किराणा, रविवार कारंजा

ताई, वडिलांना बरं वाटो. चष्म्याचं वाक्य तुमच्या घरावर नव्हतं, लागलं असेल तर मागे घेतो. बाकीचं घेणार नाही.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. लेबल ठरवणार एफएसएसएआय, म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, तपासणार राज्याचं अन्न व औषध प्रशासन. महापालिकेला पाकिटावरचा एक शब्द बदलायचा अधिकार नाही. मग ठराव करून काय होणार? पेपरात फोटो येईल. आणि त्यानंतर काय होतं ते मी भोगलंय. माझं दुकान शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ-साखर-तेलाचं विकायचं नाही, असा नियम झाला. नियम कुणाला लागला? ज्याने माल बनवला त्याला नाही, टीव्हीवर जाहिरात करणाऱ्याला नाही. एक साहेब आले, बरण्यांचे फोटो काढले आणि मला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावून गेले. वडिलांच्या वेळेपासूनचं दुकान आहे माझं. आता महापालिकाही यात पडली की आणखी एक साहेब वाढेल.

घरचा चिवडा

माझा मुद्दा वेगळाच आहे, पण कुणीतरी बोलायला हवं. आम्ही म्हसरूळला सात जणी मिळून चिवडा करतो. २०१९ साली नोंदणी केली, तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती, ती सुखाने भरली. पण हे तारे आणि अष्टकोन आले की मार कुणाला बसणार? आमच्या चिवड्यावर काळा शिक्का, आणि कंपनीच्या बिस्किटात चमचाभर ओट्स टाकले की त्याला तारे! नाशिकचं नाव चिवड्याने झालंय. येणारा प्रत्येक पाहुणा चिवडा घेऊन जातो. त्यावर तुम्ही धोक्याची खूण मारणार?

सातपूरचा फिटर

बरोबर बोललात ताई. जुलै २०२५ मध्ये समोसा-जिलेबीच्या पाट्यांवरून केवढा गदारोळ झाला. आपल्याच खाण्याच्या मागे लागलेत सगळे. आजोबा रोज शेव खायचे, नव्वद वर्षं जगले.

गंगापूर रोड, आहारतज्ज्ञ

तुमचे आजोबा शेतात राबत होते की मशीनसमोर आठ तास उभे होते? आणि ती शेव घरची, सणावाराची होती की रोज दहा रुपयांची पुडी होती? आजोबांची उदाहरणं मी रोज ऐकते, आणि समोर बसलेला नातू पस्तिशीत इन्सुलिनवर असतो.

समोसा-जिलेबीचंही नीट सांगते. विक्रेत्यांच्या मालावर लेबल लावायचं कुठेच म्हटलं नव्हतं, सरकारने तेव्हाच खुलासा केला होता. ऑफिसांमध्ये तेल-साखरेचे फलक लावा, इतकीच ती सूचना होती. शाळांमध्ये साखरेचे फलक लावायला सीबीएसईने त्याच वर्षी सांगितलं, त्यावर कुणी रागावलं नाही.

चिवडावाल्या ताईंचं ताऱ्यांबद्दलचं म्हणणं मात्र मला मान्य आहे. त्या मसुद्यात फायबर, प्रथिनं, सुकामेवा यांचे गुण मिळून मिठा-साखरेचे दोष झाकले जात होते. म्हणूनच मला तारे नकोत, सरळ इशारा हवा. पण तो इशारा चिवड्यालाही लागू झाला पाहिजे. रक्तवाहिनीला मीठ नाशिकचं की कंपनीचं ते कळत नाही.

घरचा चिवडा

तुम्हाला बोलायला सोपं आहे मॅडम. पोषणमूल्यं लॅबमधून तपासून घ्यायची तर आम्हाला एका जिनसाचे चार हजार सांगितले. आम्ही चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे करतो. करा हिशोब. सात घरं चालतात यावर. एकीचा नवरा कंपनीतून कमी झालाय, तिच्या पोराची फी यातून जाते. तुमचा अष्टकोन तिच्या पोटावर येतो. आणि आमचा चिवडा त्या फॅक्टरीच्या फरसाणासारखा खारट नसतो, हे खाऊन बघा मग बोला.

आधी मराठी

चिवड्यावरून भांडताय, पण मूळ दुखणं कुणी काढतच नाही. लेबल इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असलं की नियम पाळला गेला. मराठी कंपनीच्या मर्जीवर! अक्षरं हाताएवढी केली तरी माझ्या आईला 'सॅच्युरेटेड फॅट' काय कळणार? ती मराठी सातवी शिकलीय, पेपर रोज वाचते. मीठ हा शब्द लिहायला कुणाचं काय जातं? ठराव करायचाच तर पहिली ओळ मराठीची असू दे. नाहीतर माझा पाठिंबा नाही.

गंगापूर रोड, आहारतज्ज्ञ

प्रत्येक धाग्यावर तुम्ही हेच आणता आणि मूळ विषय बाजूला पडतो. अष्टकोन वाचावा लागतच नाही, तो दिसतो!

आधी मराठी

मी 'हेच' आणतो कारण माझ्या आईने वर्षभर 'शुगर फ्री' लिहिलेली बिस्किटं, त्यांनी शुगर वाढत नाही असं समजून आणली, आणि चार-चार खाल्ली. मैदा तोच, तूप तेच. तिची तीन महिन्यांची सरासरी शुगर ९ च्या वर गेली. तुम्ही मला विषय शिकवू नका.

गंगापूर रोड, आहारतज्ज्ञ

आईंबद्दल वाईट वाटलं. तुमचं बरोबर आहे, माझ्याकडेही त्या बिस्किटांचे पेशंट येतात. मराठी हवंच. पण त्यासाठी अष्टकोन अडवून धरू नका.

सातपूरचा फिटर

माझा पोरगा पालिकेच्या शाळेत आहे. मधल्या सुट्टीत एक-दोन रुपयांची गोळी, चॉकलेट, जेलीची पुडी घेतो. काल तुमचं वाचून पुडी उलटून बघितली, तर पोषणाची माहितीच नाही. हे कसं चालतं?

इंदिरानगरची लेक

पाकिटाचा सगळा पृष्ठभाग मिळून १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच असेल तर त्यावर घटक आणि पोषणमूल्यं न छापायची सूट आहे. ती माहिती बाहेरच्या मोठ्या पॅकवर असते. म्हणजे सर्वांत छोटं गिऱ्हाईक जे विकत घेतं, त्यावर काहीच नाही.

किराणा, रविवार कारंजा

हे खरं आहे. खोक्यावर असतं. आणि ते खोकं मी सकाळी ब्लेडने फाडतो, माल बरणीत ओततो आणि पुठ्ठा रद्दीत टाकतो. बावीस वर्षं टाकतोय. कधी वाचला नाही.

इंदिरानगरची लेक

दादा, मग ठरावात हेच लिहूया का? दंड नाही, साहेब नाही. मागण्या अशा: पुढच्या बाजूला इशारा, मराठीत, छोट्या पुडीवरही. त्या एफएसएसएआयला आणि राज्याला पाठवायच्या. महापालिकेच्या हातात जे आहे ते तिने आजच करावं: स्वतःच्या शाळांत आणि बिटको, झाकिर हुसेन रुग्णालयांत मिठा-साखरेचा तक्ता लावावा. आणि चिवडावाल्या ताईंसारख्यांना पुरेशी मुदत. ताई, लॅब हा एकच रस्ता नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे अन्नघटक तक्ते आहेत, सामानाच्या वजनावरून हिशोब मांडता येतो. तुम्ही पोहे, तेल, शेंगदाणे, मीठ किती घालता ते सांगा, मी मांडून देते. पैसे नकोत.

किराणा, रविवार कारंजा

ठरावाला माझा विरोध आहे तो आहेच. साहेब वाढणार नाहीत असं तुम्ही म्हणता, माझा विश्वास नाही. पण खोक्याची ती बाजू कापून बरणीला चिकटवायला मला कुणाच्या ठरावाची गरज नाही. आज गोळ्यांच्या तीन बरण्यांना लावली. इंग्रजी आहे, खाली पेनाने मराठीत 'साखर' लिहून आकडा टाकलाय.

आधी मराठी

फोटो टाका दादा.

घरचा चिवडा

दोन दिवस लिहिलं नाही, कारण मीठ किती घालतो ते मलाच सांगता येईना. आमच्यात मीठ मुठीने पडतं, मोठ्या वहिनींच्या हाताने. आज घाण्याच्या वेळी मी त्यांचा हात धरला आणि आधी काट्यावर ठेवायला लावलं. त्या चिडल्या. ७ किलो तयार चिवड्याला १४५ ग्रॅम मीठ निघालं. परत तोललं, तेवढंच. १०० ग्रॅमला दोन ग्रॅमच्या वर, म्हणजे सोडियम ८३० च्या आसपास. तुमच्या बाबांच्या त्या पाकिटावर ९१० होतं ना? मी इथे जे बोलले होते ते बोलायला नको होतं.

पुढचा घाणा शुक्रवारी आहे. १०० ग्रॅम घालून बघणार आहोत, आमचूर थोडं वाढवून. चव जमली तर तोच आकडा लिहा. नाही जमली तर १४५ लिहा, पण खोटं लिहू नका.