भट्टीच्या कंट्रोलरवर एस.एर (सेन्सर एरर) येतोय, थर्मोकपल आणि केबल दोन्ही नवीन

टूलरूम_साकीनाका:
मंडळी मदत हवीय, दोन दिवस काम बंद आहे. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे, पंच-डाय बनवतो, हार्डनिंगला बाबांच्या काळातली इलेक्ट्रिक मफल भट्टी आहे. भट्टीतलं तापमान मोजणारं थर्मोकपल तुटलं, त्याच्यापासून पॅनलमधल्या कंट्रोलरपर्यंत जाणारी केबलपण जळून कडक झालेली, म्हणून लोहार चाळीतून दोन्ही नवीन आणलं, के टाइपच (थर्मोकपलची एक जात) सांगून घेतलं. थर्मोकपलच्या वायरी जुन्यासारख्याच हिरवी-पांढरी आहेत पण केबल मिळाली ती पिवळी-लाल. भट्टीवरच्या हेडमध्ये (थर्मोकपल आणि केबल जोडायची डबी) वायरमनने जोडलं, त्याने लाल म्हणजे प्लस धरून हिरवीला लाल जोडली. पॅनलमध्ये मी जोडलं, दुकानदाराने पिवळी प्लसला लाव सांगितलेलं तशी लावली. आता चालू केलं की ३१ दाखवतो, मग आकडा वाढायच्या ऐवजी कमी होत होत मायनसमध्ये जातो आणि थोड्या वेळाने एस.एर. हीटर तर तापतायत, दार उघडलं की झळ लागते. सेट ८०० आहे, ओएचएनएसचे (तेलात बुडवून कडक करायचं टूल स्टील) जॉब आहेत. थर्मोकपल खराब निघालं का?

फिटर_भांडुप:
पहिलं कंट्रोलरमध्ये इनपुट टाइप बघ, के आहे की जे. आमच्याकडे एकदा जुना कंट्रोलर दुसऱ्या मशीनचा काढून लावलेला तो जे वर सेट होता, एरर वगैरे काही नाही, पण के थर्मोकपल जे सेटिंगवर कमी दाखवतं, खरे ८५० असतील तेव्हा ६४० च्या आसपास. भट्टी तापतच राहते आणि आपल्याला कळत नाही.

टूलरूम_साकीनाका:
बघितलं दादा, के च आहे.

मेंटेनन्स_कुर्ला:
आकडा कमी होतोय म्हणजे उलटं जोडलंय, थर्मोकपल चांगलं आहे. भट्टी तापते तसा कंट्रोलरला ती थंड होतेय असं दिसतं म्हणून तो हीटर आणखी देतो, खरे साधारण २०० झाले की कंट्रोलरच्या हिशोबाने मायनस २०० च्या खाली जातं, के टाइपची रेंज संपली, म्हणून एस.एर. पॅनलमध्ये दोन वायरी अदलाबदल कर, एमसीबी पाडूनच हात घाल.

टूलरूम_साकीनाका:
झालं!! एरर गेला, आकडा सरळ वर जातोय. खूप आभार, संध्याकाळी जॉब टाकतो.

इन्स्ट्रुमेंटवाला:
भाऊ जॉब टाकू नका, थांबा जरा. एरर गेला पण आकडा अजून चुकीचा आहे. तुमच्या केबलमध्ये लाल ही मायनस आहे, अमेरिकन कलर कोडमध्ये के ला पिवळी प्लस आणि लाल मायनस, आणि थर्मोकपल दुसऱ्या कोडचं, हिरवी प्लस पांढरी मायनस. आपल्याकडे लाल म्हणजे प्लस हे डोक्यात इतकं बसलंय की ही चूक मी कितीतरी ठिकाणी बघितलीय. म्हणजे चूक हेडमध्ये होती, पॅनलमध्ये तुम्ही बरोबर जोडलेलं. आता पॅनलमध्ये बदलल्यामुळे थर्मोकपल सुलटं झालं पण मधली केबल दोन्ही टोकांना उलटी राहिली. ही जी केबल असते, कंपेन्सेटिंग केबल म्हणतात, ती नुसती तांब्याची वायर नसते, तीपण हेड आणि पॅनलच्या तापमानातल्या फरकाएवढे मिलिव्होल्ट देते, सुलटी असेल तर तो फरक भरून काढते, उलटी असेल तर दुप्पट चूक होते. समजा हेड ८० आणि पॅनल ३५, फरक ४५, म्हणजे डिस्प्ले ९० ने कमी. ८०० दिसतील तेव्हा आत ८९० असतील. ओएचएनएसला साधारण ७९० ते ८२० पुरे, ८९० ला स्टीलच्या आतला ग्रेन (कण) जाड होतो, तेलात टाकल्यावर क्रॅक जाईल नाहीतर वाकेल. साधी तांब्याची वायर असती तरी ४५ ची चूक होती, आणि यात कुठेच एरर येत नाही.
खात्री करायची तर भट्टी गार असताना हेडवर हेअर ड्रायर मारा. केबल बरोबर असेल तर आकडा जवळपास हलणार नाही, उलटी असेल तर झपकन खाली जाईल. आणि रंगावर विश्वास ठेवू नका, लोहचुंबक लावा, के मध्ये जी वायर थोडी ओढली जाते ती मायनस, केबलमध्येपण थर्मोकपलच्याच धातूच्या वायरी असतील तर हेच चालतं.

टूलरूम_साकीनाका:
बरं झालं विचारलं सर. बायकोचा ड्रायर गाळ्यावर आणला, ३२ वरून मायनसमध्ये गेला एका मिनिटात. चुंबकाला थर्मोकपलची पांढरी आणि केबलची लाल ओढली गेली, म्हणजे तुम्ही म्हणालात तेच. हेडमध्ये हिरवीला पिवळी, पांढरीला लाल केली, पॅनलमध्ये परत पिवळी प्लसला. आता ड्रायर मारला तर आकडा एक-दोनच हलतो. ज्या जॉबचं टेन्शन होतं तो अजून टाकलेला नाही, आधी ओएचएनएसचा एक तुकडा ८०० ला तापवून तेलात टाकला, कानस लावली तर घसरते म्हणजे कडक झालाय, कुठे क्रॅक नाही. वायरमनला पण आता हेडच्या झाकणात आतून मार्करने लिहून ठेवायला लावलंय, लाल मायनस.