मदत हवी आहे: मे महिन्यातल्या दुपारी मुलांना कुठे रमवू?
नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. मोठी सात वर्षांची, धाकटा चार. आम्ही दोघंही नोकरीवाले, घरी सासूबाई. पण त्यांच्या गुडघ्यांना धाकट्यामागे धावणं झेपत नाही. सकाळ आंबे, फणसाचे गरे आणि अंगणातल्या खेळात जाते. खरी पंचाईत दुपारची: उकाडा, भांडणं, मग मोबाईल. 'आजोळी पाठव' म्हणू नका हं, आजोळ याच वाड्यावर आहे!

चार वर्षांच्या मुलाला घेणारं अर्ध्या दिवसाचं शिबिर फोंडा-म्हार्दोळ भागात आहे का? चौकशी केली ती सगळी सहा वर्षांपुढची. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातल्या बालविभागात एवढा लहान रमेल? रविवारी बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय आणि मिरामारचं विज्ञान केंद्र करणारच आहोत. समुद्र नको, मेअखेरीस खवळलेला असतो. फीचा अंदाजही सांगा.