२००८ ची फर्नेस: आत्ता बदलायची, की एसी जाईपर्यंत चालवायची?

केटीहून

ह्यूस्टनच्या आसपासच्या मंडळींना नमस्कार,

ॲटिकमध्ये (छताखालच्या माळ्यावर) आडवी बसवलेली गॅस फर्नेस आहे, घर गरम करणारी. ८० टक्केवाली (गॅसच्या उष्णतेतली ८० टक्के घराला मिळते), तासाला ८०,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) जाळणारी, सिरियल नंबर २३०८ ने सुरू होतो, म्हणजे २००८ चा २३ वा आठवडा. घर २,१०० चौरस फूट. एसीचं बाहेरचं युनिट आणि कॉइल २०१७ ची, ४ टन, आर-४१०ए (थंडावा देणारं रेफ्रिजरंट). एप्रिलच्या तपासणीला आलेला माणूस म्हणतो हीट एक्स्चेंजरला (ज्या ट्यूबमध्ये ज्योत जळते आणि बाहेरून घराची हवा तापते) तडा गेलाय, चालवणं धोक्याचं. फोनवर फोटो दाखवला. फक्त फर्नेस बदलायची तर ९६ टक्केवाली ७,९०० डॉलरला, एसीसकट सगळं १७,५०० ला. आजच सही केली तर ५०० सूट. ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं काढलेल्यांनी सांगा, काय करावं?

*

शुगर लँडहून

केटीकर,

सही करू नका. एप्रिलात तडा सापडला म्हणून एप्रिलातच फर्नेस बदलावी लागत नाही. तड्याचा धोका बर्नर पेटतो तेव्हाच. उन्हाळ्यात त्या डब्यातला फक्त ब्लोअर (पंखा) फिरतो आणि एसीची हवा ढकलतो. फर्नेसला जाणाऱ्या गॅसच्या पाइपवर एक छोटा कॉक असतो, त्याची मूठ पाइपला आडवी करा, गॅस बंद. थर्मोस्टॅट 'कूल'वर ठेवा आणि एसी खुशाल चालवा. नोव्हेंबरपर्यंत सहा-सात महिने हातात आहेत. शिकागोत जानेवारीत हे निघालं असतं तर रात्रीतून निर्णय घ्यावा लागला असता.

आता तडा खरा आहे का ते पाहा. फोटोवर जाऊ नका. ट्यूबमध्ये कॅमेरा घालून तुमच्यासमोर शूटिंग करायला सांगा, आणि त्याच चित्रफितीत सुरुवातीला नेमप्लेटचा सिरियल नंबर यायला हवा. दुसऱ्या कुणाच्या तरी फर्नेसचा फोटो दाखवून भीती घालणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. शिवाय ॲल्युमिनाइज्ड स्टीलच्या ट्यूबवरचा गंज, पांढुरके डाग किंवा वाकवताना पडलेल्या सुरकुत्या म्हणजे तडा नव्हे.

दुसरी खूण तुम्ही स्वतः पाहू शकता, फक्त घरातला सीओ (तड्यातून येऊ शकणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड) अलार्म चालू आहे याची आधी खात्री करा. बर्नर पेटल्यावर ब्लोअर सुरू व्हायला साधारण ३० ते ४५ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ज्योती निळ्या आणि सरळ असतील, आणि ब्लोअर सुरू होताच त्या फडफडायला, पिवळ्या पडायला किंवा बाहेरच्या बाजूला वळायला लागल्या तर ब्लोअरची हवा ट्यूबमध्ये शिरते आहे. रोलआउट स्विच (ज्योत बाहेर आली की गॅस बंद करणारा) पुन्हापुन्हा उडत असेल तर संशय पक्का. पण ज्योत स्थिर दिसली म्हणून तडा नाही असं सिद्ध होत नाही. त्यासाठी कंबश्चन ॲनलायझर (धूर तपासायचं यंत्र) हवा: फ्लूमधला (धुराच्या नळीतला) सीओ, हवामुक्त हिशेबाने (धुरात मिसळलेली जादा हवा वजा करून), ४०० पीपीएमच्या आत. चांगल्या ट्यून केलेल्या फर्नेसमध्ये तो १०० च्याही खाली असतो. आकडे छापून मागा. ज्याच्याकडे हे यंत्रच नाही, त्याने तडा आहे म्हणावं तरी कशावरून?

अलार्मबद्दल एक सांगतो, कारण बऱ्याच घरांत त्याच्यावर भिस्त असते. यूएल २०३४ या अमेरिकी मानकाचा साधा अलार्म ७० पीपीएमला एक ते चार तासांनी वाजतो आणि ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. ३० ला तो महिनाभर गप्प बसू शकतो, तसा तो बनवलेलाच असतो. म्हणून 'अलार्म वाजला नाही' हा तडा नसल्याचा पुरावा धरू नये.

आणि १७ वर्षं हे वय इथे फसवं आहे. गॅसच्या बिलावरून मोजा. समजा जुलै-ऑगस्टला महिना १४ सीसीएफ (शंभर घनफुटांचं माप) गॅस जातो, तो गीझर आणि शेगडीचा. नोव्हेंबर २५, डिसेंबर ७५, जानेवारी ९५, फेब्रुवारी ७०, मार्च ३०: एकूण २९५. पाच महिन्यांचे ७० वजा केले की फर्नेसचे उरले २२५. (हिवाळ्यात नळाचं पाणी गार येतं, गीझर जास्त जळतो, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच.) एका सीसीएफला साधारण १,०३,००० बीटीयू धरले तर ८०,००० च्या फर्नेसचा बर्नर वर्षाला २९० तास पेटतो. १७ वर्षांत पाच हजार तासही नाहीत. शिकागोत तेवढे तास चारेक वर्षांत भरतात. उलट ब्लोअर एसीसाठी वर्षाला दोन हजार तास सहज फिरतो. आपल्याकडे फर्नेसचं जे झिजतं ते एसीपायी झिजतं.

म्हणून आधी मरतात ते ब्लोअरचा कपॅसिटर, मोटर, बोर्ड. कपॅसिटर मीटरवर त्याच्या लेबलवरच्या मर्यादेच्या खाली आला तर बदला, वीस डॉलरचा भाग. इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) काळपट सिलिकॉन कार्बाइडचा असेल तर थंड असताना ४० ते ९० ओहम यायला हवेत. मधोमध पांढरा डाग दिसला की तो गेलाच समजा, आणि बदलताना नव्याला बोटं लावू नका. फर्नेस पेटून पाच-सात सेकंदांत विझत असेल तर बहुधा फ्लेम सेन्सरवर थर चढलाय. बारीक स्टील वूलने पुसा, सँडपेपर नको. त्याचा करंट १ मायक्रोअँपच्या खाली असेल तर अजून पुसा किंवा बदला. यातल्या कशासाठीही नवी फर्नेस घ्यायची नसते.

राहता राहिली ९६ टक्केवाली. ८० वरून ९६ ला गेल्यावर गॅस एक षष्ठांश वाचतो, म्हणजे वरच्या हिशेबात ३७ सीसीएफ. सगळे कर धरून १.२० डॉलर भाव लावला तरी वर्षाला ४५ डॉलर. तिच्यासाठी जादा पडणारे दीड-दोन हजार फिटायला फर्नेसचं आख्खं आयुष्य पुरणार नाही.

*

पेअरलँडहून

शुगर लँडच्या काकांच्या बाकी सगळ्याला अनुमोदन, पण ९६ टक्केवाली इथे कायमच फुकटचा खर्च असं म्हणू नये. एक प्रश्न आधी विचारायला हवा: ॲटिकच्या छताला आतून स्प्रे फोम मारलाय का?

८० टक्केवाली फर्नेस जळायला हवा ॲटिकमधूनच घेते. सॉफिट आणि रिज व्हेंट (छताच्या कडेचे आणि माथ्यावरचे झरोके) उघडे असतील तर ठीक. फोमने ॲटिक बंद केलं की तिला हवा पुरत नाही, ज्योत गुदमरते आणि सीओ वाढतो. मग वेगळी हवा बाहेरून आणा किंवा दोन पीव्हीसी पाइपांची सीलबंद, म्हणजे ९६ टक्केवाली, फर्नेस घ्या. तिथे ९६ घ्यायचं कारण बिल नव्हे, हवा.

फोम नसेल तर ९६ चे उपद्रव ध्यानात घ्या. ती पाणी गाळते, तेही आम्ल. त्याला वेगळा निचरा लागतो, उताराचा. फेब्रुवारी २०२१ सारखी थंडी आली की ॲटिकमधला ट्रॅप (निचऱ्याचं वळण) गोठतो, प्रेशर स्विच उघडा राहतो आणि ज्या रात्री फर्नेस हवी नेमकी त्या रात्री ती पेटत नाही.

आणि ही गोष्ट कोटमध्ये (दरपत्रकात) कुणी लिहीत नाही: तुमचा गॅस गीझर त्याच धातूच्या फ्लूला जोडलेला आहे का? असेल, आणि फर्नेस पीव्हीसीवर गेली, तर त्या मोठ्या नळकांड्यात गीझर एकटा उरतो. त्याचा थोडासा धूर वर चढायच्या आधीच गार होतो आणि उलटा घरात येतो. मग फ्लूत बारीक लाइनर घालावा लागतो, आणि ते बिल दुसऱ्या दिवशी येतं.

*

सायप्रसहून

केटीकर, तडा खरा निघाला तर फर्नेस एकटी बदला, ८० टक्केवाली. २०१७ चा एसी चांगला असताना तो फेकून देण्यात अर्थ नाही. फक्त नवी फर्नेस पुढच्या एसीचा विचार करून निवडा, कारण ब्लोअर तोच राहणार.

बीटीयूचा आकडा जुन्या नेमप्लेटवरून उतरवू नका. ह्यूस्टनला डिझाइन तापमान (हिवाळ्यात हिशेबाला धरायची थंडी) ३२ फॅरनहाइटच्या आसपास धरतात. २,१०० चौरस फुटांच्या बऱ्यापैकी इन्सुलेशनच्या घराला ३५ ते ४० हजार बीटीयू पुरतात. तुमची ८०,००० ची फर्नेस ६४,००० देते. म्हणजे ती पाच-सात मिनिटं पेटते, थर्मोस्टॅट भागवते, विझते, परत पेटते. वर रिटर्न डक्ट (घरातली हवा परत नेणारी) अरुंद आणि फिल्टर जाडजूड असला की ट्यूब लाल होतात आणि लिमिट स्विच (फार तापलं की बर्नर बंद करणारा) उडतो. पाच हजार तासांत तडा जातो तो असा, वयाने नव्हे.

मग बिल्डर मोठी का बसवतात? ब्लोअरसाठी. ४ टन एसीला १,४०० ते १,६०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते, आणि ४०,००० बीटीयूच्या फर्नेसमध्ये बहुधा ३ टनांपुरताच ब्लोअर येतो. ६०,००० ला ४ टनांचा मिळतो. तुम्हाला तीच हवी: ६०,००० इनपुट, ४ टन ब्लोअर. डब्याची रुंदी कॉइलच्या डब्याशी जुळते का ते टेपने मोजा, साडेसतरा इंच की २१. नाही जुळली तर पत्र्याचा नवा ट्रान्झिशन (जोडतुकडा), आणि घाईत केलेला तो सांधा दहा वर्षं गळतो.

३ जुलै २०१९ पासून ब्लोअरच्या विजेचा नियम कडक झाल्यामुळे नव्या फर्नेसमध्ये जुन्या पद्धतीची पीएससी मोटर जवळजवळ येतच नाही, कमी वीज खाणारी ईसीएम येते. जुनी ५०० वॉट घेत असेल आणि नवी ३००, तर दोन हजार तासांना ४०० युनिट, १५ सेंटने ६० डॉलर. बघा, गॅसमध्ये ९६ टक्के जेवढं वाचवत नाहीत तेवढं ब्लोअर वाचवतो. पण डक्टचा एकूण स्टॅटिक (हवेला होणाऱ्या अडथळ्याचा दाब, पाण्याच्या इंचांत) ०.५ इंचाच्या वर असेल तर व्हेरिएबल स्पीड मोटर हवा पुरी करायला जोर लावते आणि ती बचत खाऊन टाकते. म्हणून कोट देणाऱ्याने मॅनोमीटर (हा दाब मोजायचं यंत्र) काढला नाही तर त्याला परत पाठवा.

रेफ्रिजरंटबद्दल: १ जानेवारी २०२५ पासून घरगुती एसी आर-४५४बी किंवा आर-३२ वर बनतात. तुमची ४१०ए ची कॉइल त्यांना चालणार नाही, म्हणजे पुढे एसी गेला की कॉइलही जाईल. फर्नेसला मात्र त्याने बाधा येत नाही. नव्या कॉइलसोबत गळती ओळखणारा सेन्सर आणि बोर्ड येतो, गळती झाली की तो ब्लोअर चालू करतो. ती वायर फर्नेसच्या बोर्डाला जोडायची असते, एवढंच.

*

वूडलँड्सहून

फर्नेस काढून सरळ हीट पंपच (उलटा चालून घर गरमही करणारा एसी) का नको? गॅसची कटकट संपली.

*

शुगर लँडहून

एसी बदलाल तेव्हा जरूर, आत्ता नाही. चालू एसी काढून हीट पंप लावणं म्हणजे सगळा खर्च आजच. भावात फार फरकही पडत नाही: वीज १५ सेंट आणि सीओपी ३ (एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता) धरला तर एक लाख बीटीयू उष्णतेला १ डॉलर ४७ सेंट. ८० टक्के फर्नेसमध्ये गॅसने १ डॉलर ४६. करसवलतीवरही विसंबू नका, ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना केंद्रीय आयकरातली २५सी ची सवलत नाही.

आणि फेब्रुवारी २०२१ आठवा. वीज गेली होती, गॅस बहुतेक घरांत चालू होता. फर्नेसला ब्लोअर, इंड्यूसर (धूर बाहेर ढकलणारा पंखा) आणि इग्नायटर मिळून सात-आठशे वॉट पुरतात, २,००० वॉटचा इन्व्हर्टर जनरेटर ते चालवतो. हीट पंपला थंडीत मदत करणाऱ्या १० किलोवॉटच्या विजेच्या पट्ट्या तो चालवू शकत नाही. फर्नेस जनरेटरवर चालवायला तिच्या सर्किटवर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ट्रान्सफर स्विच (घरची वीज तोडून जनरेटर जोडणारा) बसवून घ्या. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा अर्थला जोडलेला नसतो, त्यामुळे फ्लेम सेन्सरला ज्योत 'दिसत' नाही आणि फर्नेस पेटून विझू शकते. मग बाँडिंग प्लग (न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा) लागू शकतो, ते इलेक्ट्रिशियनलाच विचारा. हे आधीच करून पाहा, अंधारात नको. जनरेटर घरापासून २० फूट लांब, गॅरेजमध्ये तर कधीच नाही.

*

केटीहून

काका, ताई, सगळ्यांचे आभार. दुसऱ्या माणसाने कॅमेरा घातला. चार ट्यूबपैकी तिसरीला वळणावर सव्वा इंचाची चीर आहे, आमच्याच सिरियल नंबरसकट चित्रफीत मिळाली. फ्लूमध्ये ३१० पीपीएम. पहिल्याने दाखवलेल्या फोटोत मात्र पाच ट्यूब होत्या. ॲटिकला फोम नाही, गीझर त्याच फ्लूवर आहे. स्टॅटिक ०.८२.

*

सायप्रसहून

गॅस बंदच ठेवा. ३१० कागदावर पास आहे, पण चीर ती चीर. हीट एक्स्चेंजरवर बहुतेक कंपन्यांची २० वर्षांची वॉरंटी असते, मूळ मालकाला. भाग फुकट मिळेल, पण तो घालायला आख्खी फर्नेस उलगडावी लागते आणि मजुरी तुमची. १७ वर्षांच्या डब्यात ते पैसे घालू नका. उलट त्या भागाऐवजी नव्या फर्नेसवर काही सूट देतात का, हे पावती दाखवून विचारा.

०.८२ ही खरी भानगड आहे. नुसती फर्नेस बदलली तर नवीलाही चीर जाईल. कोटमध्ये दुसरं रिटर्न ग्रिल आणि १४ इंची फ्लेक्स डक्ट घाला, फिल्टर १ इंची असेल तर ४ इंचाचा डबा. बाकी: ६०,००० बीटीयू, ८० टक्के, ४ टन ईसीएम, नवा गॅस कॉक, ड्रिप लेग (पाइपातला कचरा साठणारा तुकडा), लवचिक गॅस जोडणी, पॅनमध्ये फ्लोट स्विच (पाणी भरलं की यंत्र बंद करणारा), परमिट, आणि काम झाल्यावर स्टॅटिक, तापमानवाढ (फर्नेसमधून जाताना हवा किती तापते) आणि सीओचे आकडे लेखी. तापमानवाढ नेमप्लेटवरच्या पट्ट्यात बसायला हवी. कंत्राटदाराचा परवाना, म्हणजे टीएसीएलए किंवा टीएसीएलबी नंबर, टीडीएलआरच्या (टेक्सासच्या परवाना खात्याच्या) साइटवर तपासा. बसवल्यावर वॉरंटीची नोंदणी ६० दिवसांच्या आत स्वतः करा, नाहीतर बऱ्याच कंपन्या भागांची १० वर्षं ५ वर आणतात.

हे सगळं सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात करा. जुलैत ॲटिक १३० फॅरनहाइटला असतं, तिथे कुणी सांधे नीट चिकटवत नाही.