खडूचं जुनं रेखाचित्र लिलावात आलं, तर पहिला हक्क सरकारचा असावा का?

कोरा कागद:
पॅरिसच्या एका लिलावात अठराव्या शतकातलं लाल खडूचं रेखाचित्र आलंय. बसलेला नग्न पुरुष, एक हात वर. कॅटलॉगमध्ये 'बूशेच्या शैलीत' (बूशे म्हणजे त्या काळचा नामवंत फ्रेंच चित्रकार) एवढंच. फ्रान्सच्या कायद्यानुसार हातोडा पडताच सरकारी प्रतिनिधी उठून हक्क सांगू शकतो. मग शेवटच्या बोलीच्या रकमेत चित्र संग्रहालयाला मिळतं. निर्णय पक्का करायला सरकारला १५ दिवस असतात. मला हे योग्यच वाटतं.

तिथल्या राजेशाही कला अकादमीत (स्थापना १६४८) विद्यार्थी आधी छापील चित्रांच्या नकला करत, मग प्लास्टरचे पुतळे काढत आणि त्यानंतरच जिवंत मॉडेलसमोर बसून असं चित्र काढत. या चित्रात गुडघ्यावरचा उजेड म्हणजे नुसता सोडलेला कागद, खांद्याखाली मात्र ओला करून दाबलेला खडू. हे शिक्षण कसं चालायचं, ते असे शंभर कागद शेजारी-शेजारी ठेवले तरच कळतं. सुटा कागद दिवाणखान्यात टांगला की तो शोभेची वस्तू होतो.

तिरपी रेघ:
साफ असहमत. हे कागद जगवले कोणी? पॅरिसचा धनाढ्य संग्राहक क्रोझा याने जमवलेली हजारो रेखाचित्रं १७४१ला लिलावात निघाली, त्यातली कितीतरी मारिएत या दुसऱ्या संग्राहकाने घेतली. तो गेल्यावर १७७५-७६ला त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. तिथून राजासाठी हजारावर चित्रं घेतली गेली, ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. खाजगी माणसांनी पदरमोड केली नसती तर लूव्रने घेतलं काय असतं? वर्षानुवर्षं अभ्यास करून एखाद्याने बोली जिंकायची आणि तोंडचा घास सरकारने न्यायचा, हा अन्याय आहे.

कोरा कागद:
विकणाऱ्याला पूर्ण रक्कम मिळते, बोली लावणाऱ्याचा पैसा त्याच्याकडेच राहतो. हिरमोड होतो, मान्य. पण मारिएतचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. एका जाणत्या माणसाने आयुष्यभर जुळवलेला संग्रह त्या लिलावात फुटला. राजाने घेतला तेवढा भाग एकत्र राहिला, बाकीचा पांगला.

सावली:
संग्रहालयात तरी कुठे दिसणार? उजेडाने कागद खराब होतो, म्हणून दोन-तीन महिने मांडतात आणि पुढची काही वर्षं पेटीत.

कोरा कागद:
पेटीत असलं तरी वेळ ठरवून अभ्यासिकेत बघायला मागता येतं. कोणाच्या घरातलं चित्र कोणत्या हक्काने मागणार?

जाड भिंग:
आधी कागद तपासा, हक्काचं नंतर. उजव्या हाताच्या माणसाच्या छायेच्या रेघा साधारण वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. इथे बहुतेक उलट्या आहेत, खडूही फिका. मला तर हा मूळ चित्रावर ओला कागद दाबून घेतलेला उलटा ठसा वाटतो. शिवाय देमार्तो या छापचित्रकाराने बूशेच्या खडूचित्रांचे इतके हुबेहूब छाप काढलेत की भिंगाशिवाय फसायला होतं. नाव नाही, मूळ असल्याची खात्री नाही, अशा कागदावर लोकांचा पैसा घालू नये.

कोरा कागद:
देमार्तोचा छाप निघाला तर सोडून द्यावं, हे पटलं. उलटा ठसा असेल तर किंमत पडेल, आणि तेव्हा तर नक्की घ्यावा. मूळ चित्र हरवलं असेल तर त्या वर्गातली ती पोझ आता याच कागदावर उरली आहे. बूशेच्या नावामागे लागणारे पुष्कळ आहेत, निनावी विद्यार्थ्याच्या कागदासाठी सरकारनेच उठायला हवं.

तिरपी रेघ:
निनावी विद्यार्थ्यासाठी हौसेने बोली लावणारे संग्राहकही आहेत. त्यांना आधी घेऊ द्या. विकायची वेळ आली की संग्रहालयाने बाजारात येऊन सगळ्यांसारखी बोली लावावी.